रस्टमधले एफएफआय टाइप नव्या पत्त्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये मीटर, गेटवे, डिस्प्ले बोर्ड, पॅनेल कंट्रोलर अशा उपकरणांवर जे काम करतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. अशा उपकरणांत वर्षानुवर्षं चालत आलेला सी कोड असतो, तो टाकून देता येत नाही, आणि नवा भाग मात्र रस्टमध्ये लिहायचा असतो. दोघांच्या सीमेवर, म्हणजे एफएफआयमध्ये (फॉरेन फंक्शन इंटरफेस, एका भाषेतून दुसरीची फंक्शनं बोलावण्याची सोय), जे टाइप लागतात त्यांची रस्टच्या मानक लायब्ररीतली मांडणी गेल्या काही वर्षांत बदलली. काय बदललं, का बदललं आणि आपल्या कोडमध्ये काय करायचं, ते इथे आहे.

पानभर एकच उदाहरण घेतलं आहे. ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या स्टेशनांची नावं दाखवणारा एक छोटा बोर्ड आहे, त्याची डिस्प्ले लायब्ररी सीमध्ये आहे आणि बाकी सगळं रस्टमध्ये. लायब्ररीच्या हेडरमध्ये स्टेशनच्या नावाला १६ बाइटांची जागा आहे. टाइप आणि मॉड्यूलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

नेमकं काय कुठून कुठे गेलं?

सीच्या मूळ टाइपांची नावं, म्हणजे सी_चार, सी_इंट, सी_लाँग, सी_डबल आणि त्यांची भावंडं, पूर्वी मानक लायब्ररीत फक्त एसटीडी::ओएस::रॉ मध्ये मिळायची. सीच्या धर्तीच्या स्ट्रिंगचे टाइप, सी-स्ट्र (नुसता संदर्भ) आणि सी-स्ट्रिंग (स्वतःची मेमरी असलेली), एसटीडी::एफएफआय मध्ये राहायचे. २२ सप्टेंबर २०२२ ला रस्ट १.६४ आलं. तेव्हापासून सी_इंट वगैरे सगळे आणि सी-स्ट्र हे कोअर::एफएफआय मध्ये मिळतात, तर सी-स्ट्रिंग अलॉक::एफएफआय मध्ये. एसटीडी::एफएफआय मध्ये ही सगळीच नावं आहेत, त्यामुळे साध्या डेस्कटॉप प्रोग्रॅमला एक पत्ता पुरतो.

सी_व्हॉइड मात्र त्याआधीच, ऑक्टोबर २०१८ मधल्या १.३० मध्ये, कोअरमध्ये पोचला होता.

हलवण्याची गरज काय होती?

रस्टची मानक लायब्ररी तीन मजल्यांची आहे. तळाशी कोअर: याला ना ऑपरेटिंग सिस्टिम लागते, ना हीप (प्रोग्रॅम चालू असताना मागून घ्यायची मेमरी). त्यावर अलॉक: याला हीप हवा, बाकी काही नको. सगळ्यात वर एसटीडी: फाइल, थ्रेड, नेटवर्क, म्हणजे खाली ऑपरेटिंग सिस्टिम असल्याशिवाय चालत नाही. कोणताही टाइप कुठे ठेवायचा हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: याला जगायला काय लागतं?

या कसोटीवर जुनी मांडणी चुकीचीच होती. सी_इंट किती बिटांचा हे टार्गेट (कोड ज्या प्रोसेसर-प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करायचा तो) ठरलं की ठरतं. ते कंपायलरला आधीच माहीत असतं, ऑपरेटिंग सिस्टिमकडे काहीही मागावं लागत नाही. सी-स्ट्र म्हणजे शेवटी शून्य असलेल्या बाइटांकडे बघणारा नुसता संदर्भ, त्यालाही काही लागत नाही. सी-स्ट्रिंग स्वतःची मेमरी घेते, म्हणून तिला हीप लागतो. तरीही हे सगळे वरच्या मजल्यावर कोंडलेले होते.

याचा फटका मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त बसला. तिथे एसटीडी नसतोच, पण सी लायब्ररी मात्र हमखास असते. एफएफआयची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच त्याचे टाइप मिळत नव्हते. म्हणून लोक सीटीवाय नावाचं क्रेट (रस्टचं पॅकेज) घेऊन सी_इंट मिळवायचे आणि सीएसटीआर_कोअर नावाच्या क्रेटमधून सी-स्ट्रची नक्कल आणायचे. काम भागायचं, पण दोन क्रेटमधले सी-स्ट्र एकमेकांत बसत नसत.

जुना पत्ता वापरणारा कोड मोडेल का?

नाही. एसटीडी::ओएस::रॉ अजून आहे आणि तिथली नावं कोअर::एफएफआय मधल्या त्याच टाइपांकडे बोट दाखवतात. नक्कल नाही, तोच टाइप. एका फाइलमध्ये जुना पत्ता आणि दुसरीत नवा असला तरी मूल्यं सुखाने इकडून तिकडे जातात. अधिकृत दस्तऐवजात मात्र तो मॉड्यूल आता सुसंगतीसाठी ठेवलेला असल्याचं लिहिलं आहे आणि कोअर::एफएफआय वापरा असं सुचवलं आहे. नव्या कोडमध्ये जुना पत्ता लिहायला काही कारण उरलेलं नाही.

सी_इंट कशाला? सरळ आय३२ (३२ बिटांचा पूर्णांक) लिहिलं तर काय बिघडतं?

लॅपटॉपवर काही बिघडत नाही, आणि त्यामुळेच ही सवय टिकून राहते. एव्हीआर आणि एमएसपी४३० या मायक्रोकंट्रोलरांवर सीचा इंट १६ बिटांचा असतो. एव्हीआरवर कोअरमधला सी_डबल ३२ बिटांचा आहे. ही टार्गेटं कधी वापरणारच नाही असं म्हणालात तरी लाँग सुटत नाही.

समजा बोर्डाच्या नोंदीत दोन घटक आहेत: स्टेशन क्रमांक इंट आणि वेळ लाँग. ६४ बिटांच्या लिनक्स गेटवेवर इंट ४ बाइट, मग ४ बाइट रिकामे, मग लाँग ८ बाइट: एकूण १६. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग ४ बाइटच असतो, म्हणून नोंद ८ बाइटांची. ३२ बिटांच्या एआरएम बोर्डवरही ८. रस्टमध्ये वेळेसाठी आय६४ लिहून ठेवलं असेल, तर गेटवेवर सगळं बरोबर दिसतं, पण चाचणीसाठी वापरायच्या विंडोजच्या टूलमध्ये दुसरी नोंद वाचताच आकडे भलतेच येतात. कंपायलर काही बोलत नाही, कारण हेडरमध्ये काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.

नियम असा ठेवा. हेडरमध्ये इंट किंवा लाँग असेल तर रस्टमध्ये सी_इंट किंवा सी_लाँग. हेडरमध्ये इंट३२_टी असेल तर आय३२. आणि हेडर तुमच्या हातात असेल, तर तारेवरून किंवा फाइलमधून जाणाऱ्या नोंदीत लाँग ठेवूच नका.

लॅपटॉपवर बिल्ड होतं, बोर्डसाठी केलं की "मिसमॅच्ड टाइप्स" येतं. पॉइंटर यू८ हवा होता, आय८ मिळाला म्हणतो. का?

सीमध्ये चारला चिन्ह असतं की नाही, हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळं ठरतं. एक्स८६ वर असतं. विंडोजवर आणि ॲपलच्या मशिनांवर, एआरएम असलं तरी, असतं. एआरएम किंवा रिस्क-व्ही लिनक्सवर नसतं. सी_चार प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलतो: कुठे आय८ (चिन्हासह), कुठे यू८ (चिन्हाविना). कोडमध्ये कुठेतरी सी_चारच्या जागी आय८ लिहिलं गेलं आहे, तेच उघडं पडलं.

मायक्रोकंट्रोलरवाल्यांनी इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. बरेच दिवस कोअरमधला सी_चार काही एम्बेडेड एआरएम आणि रिस्क-व्ही टार्गेटांवर क्लँग या सी कंपायलरशी जुळत नव्हता. २० फेब्रुवारी २०२५ च्या १.८५ मध्ये तो दुरुस्त झाला. म्हणून एका अक्षराचाही बदल न करता, फक्त टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं) नव्या आवृत्तीवर नेल्यावर अशा बोर्डचं बिल्ड मोडू शकतं. दुरुस्ती योग्य आहे. आपला कोड आय८ गृहीत धरून बसला होता.

बिल्ड मोडलं तर बरंच म्हणायचं, कारण न मोडता चुकणारा प्रकार वाईट. "ठ" या अक्षराचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात: २२४, १६४, १६०. आय८ म्हणून वाचले तर तेच उणे ३२, उणे ९२, उणे ९६ होतात. आता कुणी "३२ पेक्षा लहान बाइट म्हणजे कंट्रोल कॅरेक्टर, गाळून टाका" अशी तपासणी सी_चारवर केली, तर एक्स८६ वर "ठाणे" हा अख्खा शब्द गाळला जातो आणि एआरएमवर नीट दिसतो. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर हे कधीच सापडत नाही.

उपाय: बाइटांवर काहीही करण्याआधी पॉइंटर यू८ मध्ये बदला. त्यासाठी पॉइंटरवरची कास्ट ही पद्धत वापरा, ॲज लिहू नका. कास्ट पॉइंटरचं म्युटेबल-कॉन्स्ट बदलू देत नाही आणि दोन्ही प्लॅटफॉर्मवर एकसारखी चालते.

"ऐरोली" नीट दिसतं, "घणसोली"च्या पुढे कचरा येतो. जागा तर १६ ची आहे!

अक्षरं मोजू नका, बाइट मोजा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, मात्रा, हलन्त, प्रत्येकी ३ बाइट घेतं.

"ऐरोली": ऐ, र, ो, ल, ी. पाच चिन्हं, १५ बाइट, वर शेवटचं शून्य, बरोबर १६. काठोकाठ मावलं. "रबाळे" तसंच. "घणसोली" मध्ये सहा चिन्हं आहेत, १८ बाइट. सीमधल्या स्ट्रएनकॉपीला १६ बाइट दिलेत तर ती १६ बाइट भरते आणि शून्य लिहीतच नाही. पहिल्या १५ मध्ये "घणसोल" येतं, सोळावा बाइट शेवटच्या मात्रेचा पहिला तुकडा असतो, आणि पुढे शून्य नाही.

आता रस्टमध्ये सी-स्ट्रची फ्रॉम_पॉइंटर पद्धत या जागेवर चालवली, की ती शून्य सापडेपर्यंत वाचत सुटते. शेजारी प्लॅटफॉर्म क्रमांक असेल तर तोही नावात घेते, त्यापुढचंही घेते. पडद्यावर दिसतो तो कचरा हाच. कधी कधी शून्य लगेच सापडतं आणि चूक झाकली जाते.

ठरावीक लांबीच्या जागेसाठी फ्रॉम_पॉइंटर वापरूच नये. एप्रिल २०२३ मधल्या १.६९ पासून फ्रॉम_बाइट्स_अन्टिल_नल आहे: तिला १६ बाइटांचा स्लाइस द्या, ती त्या आतच शून्य शोधते आणि नसेल तर एरर देते. फ्रॉम_बाइट्स_विथ_नल वेगळी: तिला शून्य फक्त शेवटच्या बाइटवर हवं असतं, त्यामुळे "वाशी"सारखं छोटं नाव आणि मागे भरलेली शून्यं असली तर ती नाकारते. या दोन पद्धतींत गल्लत फार होते.

नाव कापायचंच असेल तर? १५ बाइटांवर कापलं तर यूटीएफ-८ वैध राहतं, पण "घणसोल" हे कुठल्याच गावाचं नाव नाही. कॅरेक्टरच्या सीमेवर कापणं मराठीला पुरत नाही, मात्रा तुटते. हेडर बदलता येत असेल तर जागा ३२ करा: या मार्गावरचं लांबलचक "कोपरखैरणे" ९ चिन्हांचं, शून्यासकट २८ बाइट. हेडर बदलता येत नसेल तर छोट्या नावांचा तक्ता हाताने बनवा. आपोआप कापणारा कोड लिहू नका, प्रवाशाला वाचता येईल असं नाव माणसानेच ठरवायला हवं.

स्ट्रिंग सीला पाठवली, पण तिकडे रिकामी पोचते. असं कसं?

जवळपास नेहमी कारण एकच असतं: सी-स्ट्रिंग::न्यू, लगेच अनरॅप (एरर नाही असं धरून मूल्य काढणं), लगेच ॲज_पॉइंटर, आणि तो पॉइंटर एका व्हेरिएबलमध्ये. सी-स्ट्रिंगला मालकच उरला नाही, म्हणून ती ओळ संपताच नष्ट झाली. पॉइंटर मेलेल्या मेमरीकडे बघतो आहे.

रिकामी स्ट्रिंग दिसते त्यालाही कारण आहे. सी-स्ट्रिंग नष्ट होताना आपला पहिला बाइट मुद्दाम शून्य करते, म्हणजे चुकीचा कोड योगायोगाने चालत राहू नये. तरी त्यावर विसंबू नका, ती मेमरी दुसऱ्या कुणाला मिळाली की काहीही दिसेल. सी-स्ट्रिंग आधी लेटने स्वतःच्या नावाने ठेवा, पॉइंटर पुढच्या ओळीत काढा, आणि सी तो पॉइंटर जपून ठेवणार असेल तर सी-स्ट्रिंगही तितकाच काळ जिवंत ठेवा. कंपायलर या चुकीबद्दल इशारा देतो. तो बंद करू नका.

नाव आधीच माहीत असेल तर सी-स्ट्रिंग कशाला बनवायची?

बनवू नका. २१ मार्च २०२४ च्या १.७७ पासून सी-स्ट्रिंग लिटरल आहे: अवतरण चिन्हाच्या आधी छोटा सी लिहिला, की थेट सी-स्ट्रचा संदर्भ मिळतो. हीप नाही, अनरॅप नाही, शून्य कंपायलर घालतो, आणि मजकुराच्या मध्ये शून्य असेल तर बिल्डच होत नाही. रस्टची एडिशन (भाषेच्या नियमांचा संच) २०२१ किंवा पुढची हवी.

मराठीत काम करणाऱ्याला याचा एक खास फायदा आहे. पूर्वीची युक्ती होती बाइट लिटरल आणि शेवटी हाताने घातलेलं बॅकस्लॅश-शून्य. पण बाइट लिटरलमध्ये फक्त अस्की अक्षरं चालतात, "ठाणे" लिहिता येतच नाही. सी लिटरलमध्ये "ठाणे" तसंच्या तसं लिहिता येतं.

आमच्या प्रोजेक्टमध्ये बदल कोणत्या क्रमाने करावा?

१. कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड साधनाच्या) फाइलमध्ये रस्ट-व्हर्जन किमान १.६४ लिहा. सी लिटरल वापरणार असाल तर १.७७. हे न लिहिता पुढे गेलात, तर जुनी टूलचेन असलेल्या सहकाऱ्याला न समजणारी एरर येईल.

२. अख्ख्या कोडमध्ये एसटीडी::ओएस::रॉ, सीटीवाय आणि सीएसटीआर_कोअर शोधा. पहिले दोन डोळे मिटून बदलता येतात. तिसरा नाही, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

३. सगळीकडे कोअर::एफएफआय लिहा, एसटीडी उपलब्ध असला तरी. उद्या तोच मॉड्यूल बोर्डवर न्यायचा झाला तर हात लावावा लागत नाही. सी-स्ट्रिंगसाठी अलॉक::एफएफआय.

४. बाइंडजेन (सी हेडरवरून रस्टच्या घोषणा बनवणारं साधन) वापरत असाल तर बिल्ड स्क्रिप्टमध्ये यूज_कोअर चालू करा आणि बाइंडिंग पुन्हा काढा. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघा: फक्त पत्ते बदललेले दिसले पाहिजेत. एखाद्या घटकाचा आकार बदलला असेल तर थांबा, आधी कारण शोधा.

५. क्लिपी या कोड तपासणाऱ्या साधनाचे एसटीडी_इन्स्टेड_ऑफ_कोअर आणि एसटीडी_इन्स्टेड_ऑफ_अलॉक हे लिंट (तपासणीचे नियम) चालू करा. आपोआप चालू नसतात, पण राहून गेलेली ठिकाणं अचूक दाखवतात.

६. खऱ्या टार्गेटसाठी बिल्ड करा, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-एम४ साठी थंबव्ही७ईएम-नन-ईएबीआयएचएफ. ही पायरी गाळली जाते आणि तिथेच फसगत होते: लॅपटॉपवर एसटीडी कायम हजर असतो, म्हणून एखाद्या डिपेंडन्सीने तो गुपचूप ओढला तरी कळत नाही. बोर्डच्या टार्गेटवर लगेच "कान्ट फाइंड क्रेट फॉर एसटीडी" येतं.

आणि कोअर::एफएफआय मधलं सगळं एकदम आणणारा तारांकित इम्पोर्ट टाळा. दोन क्रेटमधून तसं आणलं तर तेच नाव दोनदा येऊन संदिग्धतेची एरर येऊ शकते.

सीटीवाय, सीएसटीआर_कोअर आणि लिबसी काढून टाकायचे का?

सीटीवाय: हो. त्यातली नावं मूळ अंकांच्या टाइपांची टोपणनावंच आहेत, त्यामुळे बदलताना बाहेरच्यांना सहसा काही जाणवत नाही.

सीएसटीआर_कोअर: हो, पण जपून. त्यातला सी-स्ट्र हा वेगळा टाइप आहे, टोपणनाव नाही. तो तुमच्या लायब्ररीच्या जाहीर फंक्शनांत दिसत असेल तर तो बदलणं म्हणजे वापरणाऱ्यांचा कोड मोडणं. आवृत्तीचा मोठा आकडा वाढवा आणि बदलाच्या नोंदीत स्पष्ट लिहा. फक्त आतल्या आत वापरला असेल तर प्रश्न नाही.

लिबसी (सी लायब्ररीची फंक्शनं देणारं क्रेट): फक्त सी_इंटसाठी घेतलं असेल तर काढा. ओपन, रीड, आयओसीटीएल यांसाठी घेतलं असेल तर राहू द्या, ती फंक्शनं कोअरमध्ये नाहीत आणि येणारही नाहीत.

एसटीडीशिवाय बिल्ड करताना लिंकर स्ट्रलेन सापडत नाही म्हणतो. मी तर ते बोलावलंच नाही!

स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारं सीचं फंक्शन) सी-स्ट्रची फ्रॉम_पॉइंटर बोलावते. कोअरला मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट, मेमसीएमपी, बीसीएमपी अशी मोजकी फंक्शनं बाहेरून मिळतील हे गृहीत आहे आणि स्ट्रलेन त्याच यादीत आहे. सी लायब्ररी लिंक होत असेल तर तिच्यातून मिळतं. स्वतःचं टार्गेट बनवून बिल्ड-एसटीडीने (मानक लायब्ररी स्वतः बिल्ड करण्याची कार्गोची सोय) कोअर बांधत असाल, तर बिल्ड-एसटीडी-फीचर्समध्ये कंपायलर-बिल्टिन्स-मेम घाला.

यातून आणखी एक गोष्ट कळते: फ्रॉम_पॉइंटर दर वेळी अख्खी स्ट्रिंग मोजते. घट्ट लूपमध्ये तोच पॉइंटर पुन्हा पुन्हा बदलून घेऊ नका.

टू_स्ट्रिंग_लॉसी कोअरमध्ये का दिसत नाही?

ती नवी स्ट्रिंग बनवू शकते, म्हणून तिला हीप लागतो. सी-स्ट्र जरी कोअरचा असला तरी त्याच्या अशा काही पद्धती अलॉकमध्ये लिहिलेल्या आहेत. एक्सटर्न क्रेट अलॉक लिहिलं की त्या उपलब्ध होतात. हीपच नसेल तर टू_स्ट्र वापरा. ती नक्कल करत नाही, मजकूर वैध यूटीएफ-८ नसला तर एरर देते.

साइझ_टीसाठी काय?

यूसाइझ. सी_साइझ_टी नावाचा टाइप कोअर::एफएफआय मध्ये आहे, पण तो नाइटली या प्रायोगिक आवृत्तीपुरता, स्थिर झालेला नाही. रोजच्या टार्गेटांवर यूसाइझ बरोबर बसतो.

ओएस-स्ट्र आणि ओएस-स्ट्रिंग मागे का राहिले?

कारण ते सीचे नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिमचे आहेत. युनिक्सवर आत साधे बाइट, विंडोजवर वेगळं एन्कोडिंग. वरची कसोटी लावली तर त्यांची जागा एसटीडीमध्येच ठरते. २०२५ मध्ये त्यांच्यासाठी ओएस_स्ट्र हा उपमॉड्यूल १.८७ मध्ये आणि सी-स्ट्र, सी-स्ट्रिंग व त्यांच्या एररांसाठी सी_स्ट्र हा उपमॉड्यूल १.८८ मध्ये स्थिर झाला. जुन्या पत्त्यांना धक्का लागलेला नाही. नावं लिहिताना गोंधळू नका, मॉड्यूलच्या नावात खालची रेघ असते, टाइपच्या नावात नसते.

सी_व्हॉइड एनम आहे, तो बनवता येतो का?

बनवू नका, फक्त पॉइंटरच्या मागे वापरा. आतली रचना कंपायलरच्या मागच्या यंत्रणेला सीचा व्हॉइड पॉइंटर ओळखता यावा म्हणून तशी आहे. सीचं फंक्शन काहीच परत करत नसेल तर रस्टमध्ये परतीचा टाइप लिहायचाच नाही. तिथे सी_व्हॉइड लिहिणं चूक.

सीच्या लायब्ररीने परत दिलेलं नाव ठेवून दिलं तर चालेल?

लायब्ररीचा दस्तऐवज वाचल्याशिवाय नाही. फ्रॉम_पॉइंटर जो सी-स्ट्र देते त्याचं आयुष्य किती हे तुम्हीच ठरवता, कंपायलर तपासू शकत नाही. बऱ्याच जुन्या लायब्ररी आत एकच बफर ठेवतात. आधी "ठाणे" मागितलं, मग "वाशी" मागितलं, आणि दोन्ही व्हेरिएबलमध्ये "वाशी" दिसतं. नाव मिळताच नक्कल करून घ्या: हीप असेल तर टू_ओन्ड, नसेल तर स्वतःच्या बाइट ॲरेत.

उलट दिशेने, सी-स्ट्रिंग इंटू_रॉने सीच्या हाती दिली असेल तर ती फ्रॉम_रॉने रस्टकडेच परत यायला हवी. सीने फ्री केलं तर दोन वेगळ्या ॲलोकेटरांची गाठ पडते. आणि सीने मध्येच शून्य लिहून स्ट्रिंग छोटी केली तरीही घात होतो: फ्रॉम_रॉ लांबी नव्याने मोजते आणि चुकीच्या आकाराची मेमरी मोकळी करायला जाते. बोर्डाच्या लायब्ररीला मजकूर कापायची सवय असेल, तर तिला सी-स्ट्रिंग द्यायचीच नाही, वेगळा बफर द्यायचा.

कॉलबॅक देताना काय सांभाळायचं?

सी नल पाठवू शकत असेल तर फंक्शन पॉइंटर ऑप्शनमध्ये गुंडाळा. आकार वाढत नाही, सीचा नल म्हणजे ऑप्शनचा नन (मूल्य नाही). सी-स्ट्रचा संदर्भ एक्सटर्न (सीशी जोडणाऱ्या) फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये लिहू नका, तो जाड पॉइंटर आहे, त्यात लांबीही असते. तिथे सी_चारचा कच्चा पॉइंटरच हवा. कंपायलर इम्प्रॉपर_सीटाइप्स म्हणून इशारा देतो.

पॅनिकबद्दल (चालताना आलेली, रस्टने काम थांबवणारी चूक): ५ सप्टेंबर २०२४ च्या १.८१ पासून एक्सटर्न "सी" फंक्शनमधून बाहेर पडू पाहणारा पॅनिक प्रोग्रॅम तिथेच थांबवतो. बोर्ड मध्येच रीस्टार्ट होताना दिसला तर कॉलबॅकमधले अनरॅप आधी तपासा आणि त्यांच्या जागी एरर कोड परत करा.

एडिशन २०२४ वर जाताना काही वेगळं?

एक्सटर्न ब्लॉकच्या आधी अनसेफ लिहावं लागतं आणि नो_मँगल हे गुणनाम (ॲट्रिब्यूट) अनसेफच्या कंसात जातं. कार्गो फिक्स यातलं बरंचसं काम करून देतो. बाइंडजेनची फाइल मात्र हाताने दुरुस्त करू नका, नवी आवृत्ती घेऊन पुन्हा काढा. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते.